‘द डोअर्स’ (१९६७) : वगळलेल्या कडव्यांची चिकित्सा

साहित्येतर कलाकृतीला वाङ्मयीन प्रतिष्ठा कोणत्या मार्गाने प्राप्त होते, हा प्रश्न तौलनिक साहित्याभ्यासाच्या कक्षेत येतो खरा. परंतु तो हाताळला जातो बहुधा प्रभावांच्या याद्या करण्यापुरताच. अमुक गीतात तमुक कवीची ओळ आढळते, अमुक चित्रपटाच्या मुळाशी तमुक कादंबरी आहे, एवढे सिद्ध झाले की अभ्यासकाचे काम संपले असे मानण्याकडे कल दिसतो. घेतलेल्या गोष्टीचे घेणाऱ्याने पुढे काय केले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे घेताना मागे काय ठेवले, हे प्रश्न तसेच राहतात. अशा उपेक्षेमुळे जी कीर्ती अवाजवी फुगली, तिचे ठळक उदाहरण म्हणून ‘द डोअर्स’ या अल्बमकडे पाहता येते.

लॉस एंजेलिस येथील याच नावाच्या बँडची ही पहिली ध्वनिमुद्रिका इलेक्ट्रा कंपनीने ४ जानेवारी १९६७ रोजी प्रसिद्ध केली. ध्वनिमुद्रण त्यापूर्वी, ऑगस्ट १९६६ मध्ये, हॉलिवूडमधील सनसेट साउंड स्टुडिओत झाले. निर्माता पॉल रॉथचाइल्ड, ध्वनिमुद्रक ब्रूस बॉटनिक. अकरा गाणी, अवधी सुमारे ४४ मिनिटे. बिलबोर्डच्या यादीत अल्बम दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचला. पहिल्या क्रमांकावर त्या वेळी बीटल्सचा ‘सार्जंट पेपर्स’ होता. सायकेडेलिक रॉक या प्रकारातील आद्य आणि अभिजात कृतींमध्ये त्याची गणना तेव्हापासून होत आली आहे. ‘रोलिंग स्टोन’ नियतकालिकाच्या २००३ च्या सर्वश्रेष्ठ अल्बमच्या यादीत तो ४२ व्या स्थानी होता, २०२० च्या यादीत ८६ व्या स्थानी उतरला. दरम्यान अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१४ च्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-नोंदवहीत त्याचा समावेश केला.

या कीर्तीचा मोठा भाग संगीतावर नव्हे, तर साहित्यावर उभा आहे, हे ध्यानी घेण्याजोगे आहे. बँडचे नावच मुळी दुहेरी उसनवारीचे : विल्यम ब्लेकच्या ‘द मॅरेज ऑफ हेवन अँड हेल’मधील प्रतिमा आल्डस हक्स्लीने १९५४ साली मेस्कलिनच्या अनुभवावरील आपल्या पुस्तकाच्या नावात घेतली, आणि तेथून ती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या चित्रपट विभागातून नुकत्याच बाहेर पडलेल्या जिम मॉरिसन व रे मॅन्झारेक यांच्या हाती आली. अल्बममध्ये ब्रेख्त आहे, सेलीन आहे, पुन्हा ब्लेक आहे आणि शेवटी, जवळजवळ बारा मिनिटांच्या गीतात, ईडिपस आहे. रँबोचे भाषांतरकार वॉलेस फाउली यांनी १९९० च्या दशकात रँबो आणि मॉरिसन यांना एकत्र आणणारे पुस्तक लिहिले, तेव्हा विद्यापीठीय मान्यतेची मोहोरही उमटली. इतकी थोर नावे एका ध्वनिमुद्रिकेच्या दोन बाजूंवर एकत्र आली की ती ध्वनिमुद्रिका स्वतःही थोर असणार, असा एक न बोललेला तर्क या साऱ्या स्वागतामागे आहे. तो तपासून पाहावा लागतो.

तपासणीचा आरंभ ‘अलाबामा साँग’पासून करणे सोयीचे ठरेल, कारण येथे मूळ संहिता निश्चित आहे आणि फेरफार मोजता येतात. बर्टोल्ट ब्रेख्त व कुर्ट वाइल यांच्या ‘महागोनी’ या १९२७ च्या लघुरूपातील आणि नंतर १९३० साली लाइपझिग येथे रंगमंचावर आलेल्या संपूर्ण ऑपेरातील हे गीत. मूळ जर्मन कृतीतही ते इंग्रजीतच आहे. ते इंग्रजी एलिझाबेथ हाउप्टमान यांचे असल्याचे सामान्यतः मानले जाते. ही इंग्रजी मुद्दामच मोडकी, शिकाऊ वळणाची आहे. अमेरिका न पाहिलेल्या बर्लिनकरांनी कल्पिलेली ही अमेरिका. जेथे सारे काही विकत मिळते आणि ज्याच्याजवळ पैसा नाही तो गुन्हेगार ठरतो, अशा नगरीचे हे प्रवेशगीत. ऑपेरात ते गातात जेनी आणि तिच्या सहा सोबतिणी. देहविक्रयावर पोट भरणाऱ्या या स्त्रिया नव्या बाजारपेठेकडे निघाल्या आहेत. त्यांच्या गाण्यात तीन कडवी आहेत आणि प्रत्येक कडव्यात एक मागणी : आधी मद्यगृह, मग देखणा तरुण, मग डॉलर. क्रम अर्थपूर्ण आहे. पहिल्या दोन मागण्या तिसऱ्या मागणीत उलगडतात. मद्य आणि प्रणय यांच्या पाठीमागे उभा असलेला हिशेब डॉलरच्या कडव्यात उघडा पडतो. तोवर मौजेचे वाटणारे गाणे तेथे एकाएकी भुकेचे गाणे होते.

डोअर्सच्या आवृत्तीत हे तिसरे कडवे नाही. दुसऱ्या कडव्यातील देखणा तरुण जाऊन त्याच्या जागी लहानशी मुलगी आली आहे, आणि कडव्यांतील ‘आम्हांला’ या अनेकवचनाच्या ठिकाणी ‘मला’ हे एकवचन आले आहे. तीन छोटे फेरफार; परंतु त्यांनी गीताची सारी रचनाच उलटी केली. विकल्या जाणाऱ्या स्त्रियांचे सामूहिक गीत हे एका पुरुष गिऱ्हाइकाचे एकट्याचे गीत झाले. बर्लिनने उपहासाने रचलेली अमेरिका प्रत्यक्ष अमेरिकेत परत आली ती उपहास वजा करून. मॅन्झारेकने येथे मार्क्सोफोन नावाचे एक तंतुवाद्य वाजवले आहे आणि त्याच्या किणकिणाटाने जत्रेतील खेळण्याचा भास उत्तम साधला आहे. (या वाद्याच्या नावाचा कार्ल मार्क्सशी काही संबंध नाही, ते हेन्री चार्ल्स मार्क्स या कारागिराच्या नावावरून पडले. ब्रेख्तच्या गीताच्या या आवृत्तीत मार्क्स उरला तो इतकाच.)

ब्रेख्तला दुसऱ्या संस्कृतीत नेताना असेच व्हावे लागते असे नाही. मराठी अभ्यासकाला येथे ‘तीन पैशाचा तमाशा’ आठवल्यावाचून राहणार नाही. ब्रेख्त-वाइल यांच्याच ‘थ्रीपेनी ऑपेरा’चे पु. ल. देशपांडे यांनी केलेले हे रूपांतर १९७८ मध्ये जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. त्यात बदल थोडेथोडके नव्हते : लंडन गेले, तमाशाचा बाज आला, गण-गौळणीच्या परंपरेशी खेळ मांडला गेला, आणि नंदू भेंडे यांच्यासारखा रॉकगायक त्या रंगमंचावर उभा राहून गायला. मुळाशी प्रामाणिक राहण्याचा अट्टाहास त्या प्रयोगात कोठेच नव्हता. तरीही पैशाचा प्रश्न नावापासूनच पुढे ठेवला होता. रूपांतराची कसोटी निष्ठा ही नव्हे. मूळ कृती ज्या प्रश्नावर उभी आहे तो प्रश्न नव्या भूमीत पुन्हा उभा राहतो की नाही, ही होय. या कसोटीवर ‘अलाबामा साँग’ची १९६७ ची आवृत्ती ही केवळ एक आकर्षक चाल उरते.

‘बॅक डोअर मॅन’ या गीताची स्थिती याहून बिकट आहे, आणि त्याची चर्चा याहून कमी झाली आहे. विली डिक्सन यांनी रचलेले हे ब्लूज गीत हाउलिन वुल्फ यांनी १९६० मध्ये शिकागोच्या चेस कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केले. मागील दाराने येणारा-जाणारा गुप्त प्रियकर ही ब्लूज परंपरेतील परिचित व्यक्तिरेखा; परंतु अमेरिकेच्या दक्षिण भागात वंशभेदाच्या काळात गोऱ्यांच्या घराचे परसदार ही कृष्णवर्णीयांना नेमून दिलेली वाटही होती. ज्या दाराने अपमान आत येतो त्याच दाराने इच्छाही आत शिरते, हा या रूपकाचा पीळ आहे. वुल्फ यांच्या गीतात या नायकाला गोळ्या लागतात, त्याच्यावर खुनाचा आरोप येतो. दवाखाना, न्यायालय, पोलीस या संस्था एकेक करून समोर उभ्या राहतात आणि प्रत्येक ठिकाणी एक स्त्री त्याच्यासाठी गयावया करते. फुशारकी आहे, विनोद आहे. पण त्या फुशारकीला जिवाच्या धोक्याची किनार आहे. १९१० साली मिसिसिपीत जन्मलेल्या गायकाच्या घशातून ती येते तेव्हा ऐकणाऱ्याला हसावे की दचकावे हे कळत नाही.

डोअर्सनी नेमकी दवाखाना, न्यायालय आणि पोलीस यांची कडवी गाळली. उरली ती रात्र, जेवणाच्या ताटावरची फुशारकी आणि पुरुषार्थाचे गुरगुरणे. मॉरिसनचा आवाज येथे दमदार लागला आहे, क्रीगरची गिटार धारदार आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि ज्याला पुढच्या दाराने कोणीही अडवणार नाही अशा नायकाने मागच्या दाराचा अभिमान मिरवावा, यातील विसंगती कोणत्याही शैलीने झाकली जात नाही. दारांचे नाव धारण करणाऱ्या या बँडच्या पहिल्या अल्बममध्ये खरेखुरे, लाकडाचे, बिजागऱ्यांचे म्हणावे असे दार हे एकच होते.

सेलीन आणि ब्लेक यांच्याविषयी थोडक्यात. ‘एंड ऑफ द नाइट’ हे शीर्षक सेलीनच्या १९३२ च्या कादंबरीच्या नावावरून आले आहे. त्या कादंबरीत महायुद्धाची खंदके आहेत, आफ्रिकेतील वसाहती आहेत आणि डेट्रॉइटचा फोर्ड कारखानाही आहे. गीतात यांपैकी काहीही नाही. रात्र तेवढी आहे. त्याच गीतात ब्लेकच्या ‘ऑगरीज ऑफ इनोसन्स’मधून घेतलेले शब्द येतात. जन्मानेच कोणाच्या वाट्याला सुख आणि कोणाच्या वाट्याला काळोख येतो, असे सांगणारा तो भाग. आणि त्याच्या भोवती ब्लेकने पिंजऱ्यातील पक्षी, उपाशी कुत्रा, भिकारी, सैनिक यांची साक्ष उभी केली आहे. डोअर्सच्या गीतात तो उतारा एका धूसर मनःस्थितीचा अलंकार होऊन राहतो.

येथवर पाहिलेल्या चारही ठिकाणी वगळले गेले ते एकाच जातीचे आहे. डॉलर, न्यायालय, कारखाना, भिकारी. हे सारे ठरवून झाले असे म्हणता येत नाही, आणि तसे म्हणण्याची गरजही नाही. अभिरुचीचा एक आकृतिबंध मात्र स्पष्ट दिसतो : साहित्यातून अंधार घ्यायचा, अंधाराची कारणे घ्यायची नाहीत.

याच अल्बमभोवती वगळण्याची दुसरी एक कथा प्रसिद्ध आहे, आणि तिने या पहिल्या कथेला झाकून टाकले आहे. ‘ब्रेक ऑन थ्रू’ या पहिल्या गीतातील नशेचा सूचक असा एक शब्द कंपनीने नभोवाणीच्या भयाने कापला. तो १९९० च्या दशकाच्या अखेरीस नव्या आवृत्तीत परत आला. ‘लाइट माय फायर’ हे सुमारे सात मिनिटांचे गीत लघुमुद्रिकेसाठी तीन मिनिटांखाली आणले गेले. १७ सप्टेंबर १९६७ रोजी एड सलिव्हन यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्याच गीतातील एक शब्द बदलण्याची सूचना मॉरिसनने जुमानली नाही, आणि बँडला पुन्हा बोलावणे आले नाही. इतरांनी केलेल्या या काटछाटीच्या जखमा चाहत्यांनी व चरित्रकारांनी दशकानुदशके जपल्या. बँडने स्वतः ब्रेख्तच्या आणि डिक्सनच्या संहितांवर चालवलेल्या कात्रीची तशी दखल घेतली गेली नाही. एका शब्दासाठी एवढा गहजब, आणि तिकडे सबंध कडव्यांविषयी मौन!

‘दि एंड’ या अखेरच्या गीताचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. अल्बमचे थोरपण मुख्यत्वे याच गीतावर ठरवले जाते. ऑगस्ट १९६६ मध्ये व्हिस्की अ गो-गो या नाइट क्लबमध्ये त्यातील पितृहत्येचा व मातृगमनाचा भाग सादर झाल्यावर बँडला तेथून काढून टाकण्यात आले, ही घटना सर्वश्रुत आहे. संगीताच्या अंगाने हे गीत अल्बममधील सर्वांत साहसी आहे. क्रीगरने गिटारच्या तारा निराळ्या जुळवून सतारीच्या जवळ जाणारा नाद काढला आहे, खर्जाचा एक स्वर तंबोऱ्यासारखा धरून ठेवला आहे, आणि डेन्समोरचे तालवाद्य लय न सांगता वाट पाहते. क्रीगर, डेन्समोर आणि मॅन्झारेक यांची ओळख महर्षी महेश योगी यांच्या ध्यानवर्गांतून झाली होती, हा तपशील येथे नेहमी सांगितला जातो. तो खरा आहे, पण त्यावरून रागसंगीताशी नाते प्रस्थापित होत नाही. आलापात स्वरांच्या परस्परसंबंधांतून विस्तार घडतो. येथे विस्तार घडतो तो आवाजाच्या चढउतारातून. म्हणजे रागाचा आभास आहे, रागाची विचारपद्धती नाही. आभास म्हणून तो परिणामकारक आहे, आणि १९६६ च्या रॉकसंगीतात एवढेही थोडके नव्हते.

प्रश्न संहितेचा आहे. सोफोक्लीसचा ईडिपस आपण काय केले हे जाणत नाही. नाटकाची सारी भयानकता त्या न-जाणण्याच्या आणि मग जाणण्याच्या मधल्या अंतरात आहे. तो चौकशी करतो आणि चौकशी त्याच्यावरच येऊन थांबते. आणि ही चौकशी तो करतो कशासाठी? थीब्ज नगरीत रोगाची साथ पसरली आहे म्हणून. नगर नसते तर नाटकच नसते. ‘दि एंड’मधील खुनी पहाटे उठतो, पादत्राणे चढवतो, मुखवटा घेतो, घरातील खोल्या पार करतो. त्याला काय करायचे आहे ते त्याला ठाऊक आहे. येथे अभिज्ञान नाही, केवळ आगाऊ ठाऊक असलेल्या कृत्याची पूर्वतयारी आहे. आणि जेथे उच्चार हवा तेथे किंकाळी आहे. हा सोफोक्लीसचा ईडिपस नव्हे, फ्रॉइडच्या लोकप्रिय सारांशातला ईडिपस आहे. नगर गळून पडले आहे, उरला आहे घरातला बोळ.

हे नगर मॉरिसनपासून दूर नव्हते. त्याचे वडील, अमेरिकी नौदलातील अधिकारी जॉर्ज स्टीफन मॉरिसन, हे ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखातातील नौदल तुकडीचे नेतृत्व करीत होते. त्याच आखातातील घटनांचे निमित्त करून व्हिएतनाम युद्ध वाढवले गेले. इलेक्ट्राच्या आरंभीच्या प्रसिद्धिपत्रकात मॉरिसनने आपले आईवडील हयात नसल्याचे सांगितले होते. चरित्राच्या आधारे कवितेचा निवाडा करू नये हे मान्यच आहे. परंतु ज्या पिढीच्या पित्यांनी मुलांना युद्धावर पाठवले त्या पिढीचा हा गायक, आणि पितृहत्येचे मिथक त्याच्या हातात. अशा वेळी त्या मिथकातून सार्वजनिक अर्थ काढून टाकून त्याला शयनगृहाच्या दारापर्यंत आणून सोडणे, ही कलात्मक निवडच ठरते आणि तिचे मूल्यमापन कलात्मक निवड म्हणूनच करावे लागते.

काढून टाकलेला हा अर्थ पुढे दुसऱ्याच कोणी परत घातला. फ्रान्सिस फोर्ड कपोला यांच्या १९७९ च्या ‘अपोकॅलिप्स नाऊ’ या चित्रपटाच्या आरंभी ताडामाडांचे रान पेटते, हेलिकॉप्टरची पाती फिरतात आणि ‘दि एंड’ सुरू होते. गीताला तेथे थीब्ज मिळाले. त्यानंतरच्या श्रोत्यांनी ते गीत ऐकले ते या ज्वाळांसह. आणि चित्रपटाने दिलेला अर्थ गीतात आधीपासूनच होता असा समज दृढ झाला. १९८० मध्ये जेरी हॉपकिन्स व डॅनी शुगरमन यांचे मॉरिसनचरित्र आले, १९९१ मध्ये ऑलिव्हर स्टोन यांचा चित्रपट आला. १९७१ साली पॅरिस येथे २७ व्या वर्षी मरण पावलेला गायक शापित कवीच्या परंपरेत जाऊन बसला. अभिग्रहणाच्या इतिहासात असे घडते. कृतीवर नंतर चढलेली पुटे कृतीची म्हणून मोजली जातात. समीक्षेने ती पुटे वेगळी करून दाखवणे अपेक्षित असते.

त्याच वर्षी, मार्च १९६७ मध्ये, न्यूयॉर्कहून ‘द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड अँड निको’ हा दुसरा एक पहिला अल्बम निघाला. विक्रीच्या यादीत तो १७१ च्या पुढे सरकला नाही. लू रीड हा डेल्मोर श्वार्ट्झचा विद्यार्थी, आणि एका गीताचे नाव सरळ झाखर-माझोखच्या कादंबरीवरून घेतलेले; म्हणजे साहित्याची उसनवारी तेथेही होती. पण अमली पदार्थाच्या विक्रेत्याची वाट पाहणाऱ्या माणसाच्या गीतात हार्लेममधील नेमका रस्ता आहे, मुठीत मोजून घेतलेले डॉलर आहेत, आणि परक्या वस्तीत उभ्या असलेल्या गोऱ्या माणसाला विचारला जाणारा प्रश्नही आहे. डोअर्सनी ब्रेख्तच्या गीतातून काढलेला डॉलर रीडच्या गीतात, ब्रेख्तचे नावही न घेता, हजर आहे.

यावरून ‘द डोअर्स’ हा अल्बम टाकाऊ ठरतो असे नाही. त्याची बलस्थाने आहेत, पण ती कीर्तीने दाखवलेल्या ठिकाणी नाहीत. ‘लाइट माय फायर’ हे मुख्यतः क्रीगरने रचलेले गीत शब्दांच्या दृष्टीने सामान्य आहे, यमके तर ओढूनताणून आणलेली आहेत. परंतु मधल्या भागात दोनच स्वरसंवादांच्या हेलकाव्यावर मॅन्झारेकचे ऑर्गन आणि मागोमाग क्रीगरची गिटार जो प्रदीर्घ विस्तार करतात, त्यात जॉन कोल्ट्रेनकडून शिकलेले काहीतरी खरोखर पचवलेले आहे. येथे कोणाचे नाव घेतलेले नाही, कोणती ओळ उसनी नाही. घेतली आहे ती रीत. प्रभावाचा अभ्यास करायचाच तर तो येथे करण्याजोगा आहे. नभोवाणीच्या आवृत्तीने कापला तो नेमका हाच भाग. जुलै १९६७ मध्ये त्या कापलेल्या आवृत्तीनेच अमेरिकेत पहिला क्रमांक मिळवला.

आणि ‘द क्रिस्टल शिप’. अडीच मिनिटांचे हे निरोपाचे गीत. ब्लेक नाही, सेलीन नाही, मुखवटे नाहीत. झोपेच्या काठावर एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीशी केलेले बोलणे, आणि त्यात हळूहळू शिरणारे एक जहाज, जे मृत्यूचे की नशेचे की नुसत्या स्वप्नाचे हे सांगितलेले नाही. मॉरिसन येथे ओरडत नाही. जुन्या वळणाच्या प्रेमगीतगायकाप्रमाणे तो प्रत्येक शब्द पूर्ण उच्चारतो, मॅन्झारेकचा पियानो मध्येच थोडासा पुढे येऊन परत मागे जातो, आणि गीत आपल्या मापात संपते. मॉरिसनला कवी ठरवणाऱ्या लेखनात या गीताच्या वाट्याला बहुधा एखाददुसरे वाक्य येते.